देवाचं दळण

“मॅडम, मशीन बरोबर, मिरची बरोबर, आणि तुमचं सॉफ्टवेअर बरोबर असं तुमीच आत्ता म्हणून राहिल्या. मंग उरलं कोण, तुमीच सांगा.”

ढोबळे साहेबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांच्या केबिनमध्ये नाकाला रुमाल लावून बसले होते. हिंगण्याच्या एमआयडीसीतला मिरची दळण्याचा कारखाना. तिथल्या लोकांना खकाण्याचं काही वाटत नाही. मी मात्र गेटपासून शिंकत आले होते आणि माझ्या शिंकांवर वॉचमनपासून सगळे खूश होते.

उरलं कोण, हे ढोबळे साहेबांनी नाव घेऊन सांगितलं नाही. त्यांनी फक्त काचेपलीकडे पाहिलं. काचेपलीकडे लॅब होती आणि लॅबमध्ये रंजना पराते नावाची एक केमिस्ट पाठमोरी उभी होती. मूळची उमरेडची, बी.एस्सी. झालेली, हिंगण्यातच एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहणारी. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती आणि ते संपत आलं होतं.

मी मोहरील. नागपुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत पंचवीसेक वर्षं काम करते. आमचे क्लायंट म्हणजे हे असे कारखाने. कुणाच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, कुणाच्या पॅकिंग लाइनचं. ह्या कारखान्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडच्याच एका मुलानं लिहिलं होतं. तो पुढे पुण्याला गेला, आणि त्याचा कोड माझ्या गळ्यात आला. आमच्या धंद्यात असंच असतं. पोरं पुण्याला जातात, कोड नागपुरात राहतो.

आधी इथे काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मिरची वेगवेगळ्या ठिकाणची येते. प्रत्येक पोत्याचा रंग वेगळा, तिखटपणा वेगळा, ओलावा वेगळा. पण ज्या पार्टीला तिखट विकायचं तिला ते दर वेळी सारखंच हवं असतं. म्हणून दळताना त्यात कमी तिखट आणि जास्त लाल अशी दुसरी मिरची मिसळतात. तिला तिथे ‘रंगाची मिरची’ म्हणतात. ती किती मिसळायची, हे लॉटच्या रंगावर आणि ओलाव्यावर ठरतं. केमिस्ट नमुना तपासून दोन आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकते, सॉफ्टवेअर हिशोब करून उत्तर थेट मशीनला कळवतं, आणि मशीन तेवढी रंगाची मिरची सोडतं. मधे माणसाचा हात लागत नाही, ह्याचा आमच्या ब्रोशरमध्ये फार गौरव केलेला आहे.

तर गेले काही महिने सकाळचा पहिला लॉट फिका येत होता. फिका आणि जास्त तिखट, म्हणजे रंगाची मिरची कमी पडत होती. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी. दुपारचे लॉट ठणठणीत. एका पार्टीनं माल परत पाठवला होता आणि दुसरी पाठवायच्या बेतात होती. सकाळच्या शिफ्टला रंजना असायची. दुपारी वानखेडे नावाचे जुने केमिस्ट यायचे. भानगड सुरू झाली दिवाळीनंतर. रंजना लागली तीसुद्धा दिवाळीनंतर. आता ह्याच्यावरून माणूस काय निष्कर्ष काढेल?

मी माझं काम केलं होतं. रिपोर्टमधून फिक्या लॉटचे आकडे घेतले, माझ्या लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर चालवलं, लॉट एकामागून एक टाकले. प्रत्येक लॉटला उत्तर बरोबर आलं. पुन्हा टाकले, पुन्हा बरोबर. सॉफ्टवेअर बरोबर असेल तर त्यात टाकलेले आकडेच चुकीचे असणार, हे कुणीही म्हणेल. ढोबळे साहेबांनी तेच म्हटलं होतं आणि त्याला आधार माझ्या टेस्टचा होता.

“वानखेडेंनी तिचे नमुने परत तपासले होते का?” मी विचारलं.

“तपासले ना. दुपारी तपासले तं आकडा थोडा वेगळा येते. दर वेळी येते.”

“दुपारपर्यंत मिरची सुकत असेल.”

“हेच ते पोरगी सांगते,” ढोबळे साहेब म्हणाले. “मी दोनदा लेखी रिमार्क देल्ला तिले. तिसरा देल्ला का बस. मले काही शौक नाही मॅडम, पण शेठजी मले विचारते.”

ढोबळे वाईट माणूस नव्हते. त्यांना कुणीतरी हवं होतं एवढंच, आणि सकाळी लॅबमध्ये दुसरं कुणी नसायचं.

बाहेर पडताना मी लॅबमध्ये डोकावले. रंजना एकच नमुना तिसऱ्यांदा तपासत होती. मी विचारलं, “तीनदा कशाला गं?”

ती मशीनवरची नजर न काढता म्हणाली, “आता माह्या डोळ्यावर माहाच भरोसा नाही राहिला, मॅडम. रूमवर साखर मोजून टाकतो मी चहात.”

मला राग आला. नक्की कुणाचा ते तेव्हा कळलं नाही, पण आला. चांगल्या शिकलेल्या पोरीला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटेनासा होतो आणि त्यात माझ्या लॅपटॉपचा हातभार असतो, हे मला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या शिफ्टलाच जाऊन बसायचं ठरवलं. ह्याला कारण होतं. आमच्या कामात एक जुनी म्हण आहे, मीच बनवलेली: बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, ही घूस आहे, ती आपल्या बिळात सापडते, तुमच्या लॅपटॉपमध्ये नाही. आमचे डायरेक्टर पांढरीपांडे सर, ज्यांना सगळे पीपी सर म्हणतात, ते फोनवर म्हणाले, “टेस्ट झालीय ना? मग परत कशाला जातेस?” मी म्हटलं, शिंका राहिल्यात थोड्या.

मी पोहोचले तेव्हा कंपनीची बस नुकतीच रिकामी झाली होती आणि बाया पदर-ओढण्या तोंडाला बांधून आत चालल्या होत्या. मी लॅबमध्ये रंजनाच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. ती अवघडली. परीक्षेत सुपरवायझर मागे येऊन उभा राहिल्यावर अवघडतात तशी. मी तिला सांगितलं, “मी तुझ्यावर नजर ठेवायला नाही आले, कॉम्प्युटरवर ठेवायला आलेय.” तिला ते पटलं नसावं.

तेवढ्यात मशीनवरचे शालिकभाऊ आत आले. जुने ऑपरेटर, कपाळाला बुक्का, हातात कागदाच्या छोट्या पुड्या. एक रंजनाला दिली, एक माझ्यापुढे धरली.

“घ्या जी मॅडम. भिवापुरी आहे. अस्सल.”

मी पुडी उघडली. ताजं लालभडक तिखट, अजून कोमट. मी अर्थातच शिंकले.

“शालिकभाऊ, हे कधी दळलं?”

“आत्ताच. देवाचं आहे.”

“म्हणजे?”

रंजनानं समजावलं. कारखाना सुरू झाला तेव्हापासूनची रीत. रोज सकाळी मशीन सुरू करताना पहिल्यांदा भिवापूरची मिरची थोडीशी दळायची. चिमूटभर देवीपुढे ठेवायची आणि बाकीची पुड्या बांधून लोकांना वाटायची. थोरल्या शेठजींनी घालून दिलेली रीत, कुणी मोडत नाही. त्या दळणात दुसरं काही मिसळायचं नाही. देवाला भेसळ चालत नाही.

“कशात दळता?” मी विचारलं.

“मंग मशीनमध्येच की,” शालिकभाऊ म्हणाले. “आधी मागं जुनी छोटी गिरणी होती, तिच्यात दळू. दिवाळीले नवीन मशीन आली, तं ते गिरणी भंगारात गेली. आता ह्याच्यातच दळतो.”

“आणि कॉम्प्युटरमध्ये एंट्री करता त्याची?”

“एंट्री केल्याबिगर मशीन सुरूच होत नाही ना, मॅडम,” रंजना म्हणाली.

मी पुडी टेबलावर ठेवली. “काल मी सगळ्यांना विचारत होते की सकाळचा पहिला लॉट कुठला. तेव्हा हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?”

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी अगदीच खुळ्यासारखं विचारलं होतं.

“ते लॉट थोडीच आहे,” शालिकभाऊ शांतपणे म्हणाले. “ते देवाचं होय. ते मोजत नाही.”

मोजत नाही, हे खरंच होतं. आमच्या रिपोर्टमध्येसुद्धा मोजत नव्हतं. रिपोर्टमध्ये फक्त पार्टीचं नाव असलेले लॉट येतात, आणि देवाच्या दळणाला पार्टी कुठली असणार? म्हणून मी लॅपटॉपवर अख्खी सकाळ जशीच्या तशी चालवली असं मला वाटत होतं, पण तिचं पहिलं दळण माझ्याकडे नव्हतंच.

मी तिथेच बसून लॅपटॉप उघडला. आधी देवाचं दळण टाकलं, मग आदल्या दिवशीचा फिका लॉट. उत्तर चुकलं. रंगाची मिरची कमी. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं, ह्या वेळी देवाचं दळण न टाकता फक्त तो लॉट टाकला. उत्तर बरोबर. मी हे चार-पाच वेळा केलं. रंजना माझ्या खांद्यावरून पाहत होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

आता ह्यामागचं कारण. ते सांगताना मी शक्य तितकं सोपं करते.

प्रत्येक पार्टीचा हिशोब वेगळा असतो. आमच्या त्या पुण्याला गेलेल्या मुलानं सगळे हिशोब प्रोग्रॅममध्ये पक्के बसवले नाहीत. त्यानं स्क्रीनवर एक रिकामी चौकट दिली. पार्टीप्रमाणे हिशोबाच्या ओळी त्या चौकटीत लिहून ठेवायच्या. लॉट आला की प्रोग्रॅम त्या ओळी उचलतो आणि जणू स्वतःचाच भाग असल्यासारख्या चालवतो. ह्याला आम्ही डायनॅमिक कोड एक्झिक्युशन म्हणतो. घरात स्वयंपाकीण ठेवायची आणि तिला सांगायचं की रोज ओट्यावर जी चिठ्ठी असेल तसं रांध. सोय मोठी. फक्त चिठ्ठीत काय लिहिलंय त्याला जबाबदार कोण, हे आधी ठरवावं लागतं.

त्या ओळींमध्ये आकडे ठेवायला नावं लागतात. त्याला व्हेरिएबल म्हणतात. नाव चिकटवलेला डबा समजा. इथल्या हिशोबांत ‘फरक’ नावाचा एक डबा होता. लॉट ओला असेल तर उत्तरात किती कमी-जास्त करायचं ते ह्या डब्यात ठेवायचं. ओला नसेल तर डब्याला हात लावायचा नाही. शेवटी डब्यात जे असेल ते उत्तरात मिळवायचं.

आता प्रश्न असा, की हा डबा कुणाच्या स्वयंपाकघरातला? चांगल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक हिशोबाला आपलं स्वयंपाकघर मिळतं. काम संपलं की तिथले डबे गायब. पुढच्याला कोरे डबे. एखादं नाव कुठवर ओळखलं जातं, त्या हद्दीला आम्ही स्कोप म्हणतो. आमच्या मुलानं मात्र सगळ्या हिशोबांना एकाच सामाईक फडताळावर बसवलं होतं. सकाळी सॉफ्टवेअर सुरू होताना ‘फरक’ एकदा शून्य व्हायचा. त्यानंतर जो जे ठेवून जाईल ते पुढच्याच्या वाट्याला.

हे त्याला माहीत होतं, कारण त्यानं लिहिलेल्या प्रत्येक हिशोबाची शेवटची ओळ एकच होती: फरक परत शून्य करा. म्हणजे जेवून झालं की आपलं ताट उचला. सगळ्या पार्ट्यांचे हिशोब त्यानं लिहिलेले, म्हणून सगळे ताट उचलत होते. देवाच्या दळणाचा हिशोब त्याचा नव्हता. त्यात ती शेवटची ओळ नव्हती. भिवापुरी मुळात गडद, त्यामुळे तिच्यात मिसळायचं उत्तर तसंही छोटंच येतं. ते शून्यावर आणण्यापुरता एक उणे आकडा ‘फरक’मध्ये टाकला होता. काम चोख. भेसळ शून्य. पण ताट तसंच.

मग पहिला खरा लॉट यायचा. तो ओला असला तर ‘फरक’ नव्यानं भरला जायचा आणि उत्तर बरोबर यायचं. कोरडा असला तर देवाचा उणे आकडा त्याच्या उत्तरात घुसायचा आणि माल फिका व्हायचा. त्याच लॉटची शेवटची ओळ डबा रिकामा करायची, म्हणून दुसऱ्या लॉटपासून सगळं आलबेल. रोज का नाही, सकाळीच का, दिवाळीनंतरच का, सगळ्याची उत्तरं मिळाली.

मी खूश झाले. खोटं कशाला बोलू, अशा वेळी आमच्या लोकांना लग्नातल्या जिलबीपेक्षा जास्त आनंद होतो. त्याच आनंदात मी विचारलं, “हा देवाच्या दळणाचा हिशोब लिहिला कुणी?”

शालिकभाऊ पुड्या घेऊन हळूच बाहेर गेले.

“मीच लिवला, मॅडम,” ती म्हणाली. “पहिल्याच हप्त्यात. ढोबळे सर म्हणाले, देवाच्यात मिसळ नाही पायजे, तूच काहीतरी करून टाक. मी दुसऱ्या पार्टीचं पाहून लिवलं. ते शेवटची ओळ पाहिली होती मी. मले वाटलं, लॉट संपला का ते आपोआप पुसतच असन. मंग कायले लिवाचं.” मग म्हणाली, “म्हणजे चूक माहीच निंगाली ना?”

तेवढ्यात पीपी सरांचा फोन आला. मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. हुशार माणूस आहे, पहिल्या झटक्यात समजलं.

“म्हणजे युजरनं लिहिलेल्या फॉर्म्युल्यात प्रॉब्लेम आहे,” ते म्हणाले.

“प्रॉब्लेम आपल्या फडताळात आहे, सर.”

“कुठल्या फडताळात?”

“सगळे फॉर्म्युले एकाच ग्लोबल स्कोपमध्ये चालतात. एकाचं दुसऱ्याला लागतं. हे डिझाइन आपलं आहे.”

“हे बघ, तू खोटं काही लिहू नकोस. पण रिपोर्टमध्ये एवढंच लिही, की युजर-डिफाइन्ड फॉर्म्युला अपूर्ण होता, तो दुरुस्त केला. हे खरंच आहे ना? ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय.”

खरंच होतं, हीच तर पंचाईत होती. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्या वाक्यानं रंजनाची नोकरी गेली असती. तिसरा रिमार्क आयता तयार. मी म्हटलं, “सर, हे असं लिहिलं तर ते त्या पोरीला काढतील.”

“तो त्यांचा इंटर्नल मामला आहे गं.”

माझ्या बोलण्यात तशी मिठास कमीच आहे, असं घरचे म्हणतात. मी सरांना म्हटलं, “ती जे समजली ते बरोबर होतं, सर. काम संपल्यावर डबा आपोआप पुसला जायला हवा, असं तिला वाटलं. कॉलेजात आपणही हेच शिकलो. चूक करणारा नोकरीला पुण्यात आहे आणि बरोबर समजलेली घरी जाणार, असं मी लिहिणार नाही. तुम्हाला लिहायचं असेल तर तुमच्या सहीनं लिहा.”

सर म्हणाले, “तू जे सांगायचं ते सांग. पण जरा प्रेमानं सांग.”

मी प्रेमानं काय सांगणार? मी ढोबळे साहेबांकडे गेले. लॅपटॉपवर दोन्ही प्रकार त्यांच्यासमोर करून दाखवले, देवाचं दळण घालून आणि न घालता. ते खुर्चीत पुढे सरकून बघत होते.

“म्हणजे देवाच्यानं गडबड झाली?” ते म्हणाले. “आता हे मी शेठजीले कसं सांगू, बाप्पा? का मशीनवरचं देवाचं बंद करा म्हणू?”

“देवाचं चालू ठेवा. त्याचा काही दोष नाही.”

“मंग ज्यानं ते लिवलं त्याचा आहे. कोनं लिवलं ते?”

आला का तो प्रश्न. मी म्हटलं, “रंजनानं. तुमच्या सांगण्यावरून.” साहेबांची मान काचेकडे वळायला लागली तसं मी पुढे म्हटलं, “साहेब, दोन लॉटच्या मधे तुम्ही मशीन झाडता ना?”

“झाडतोच. नाहीतं ह्याची मिरची त्याच्यात जाइन.”

“कोण झाडतं?”

“आमचे माणसं. मशीनवरचे.”

“का? ज्याची मिरची दळली त्या पार्टीनं येऊन झाडायला पाहिजे ना.”

ढोबळे हसले. “पार्टी कायले येइन झाडाले? गिरणी आमची, झाडनं आमचं.”

“तेच. सॉफ्टवेअर आमचं होतं. दोन लॉटच्या मधे झाडायचं काम त्याचं. त्यानं ते केलं नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर सोपवलं. रंजनाला ते कुणी सांगितलं नाही. तिचे सकाळचे सगळे आकडे बरोबर होते. चूक आमच्या कंपनीची आहे.”

त्यांचं हसू गेलं. मला वाटतं, ते दिलेल्या दोन रिमार्कांचा विचार करत असावेत.

“मंग पोरीचं काय चुकलं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

दुरुस्तीला अर्धा तास लागला. प्रत्येक हिशोब चालवताना त्याला स्वतःची कोरी जागा द्यायची आणि काम झालं की ती टाकून द्यायची, एवढंच. म्हणजे कुणी ताट उचलायला विसरलं तरी पुढच्याचं जेवण बाटत नाही. शिवाय रिपोर्टमध्ये देवाच्या दळणाची ओळ यायला लावली. शालिकभाऊंना ते पसंत पडलं नाही. देवाचं कॉम्प्युटरमध्ये मोजायचं म्हणजे काय, असं ते मला दोनदा म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, मोजत नाही, नुसतं दिसतंय. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

मग ढोबळे साहेबांनी रंजनाला केबिनमध्ये बोलावलं. मी निघायच्या तयारीत होते, त्यांनी मलाही थांबायला सांगितलं. ती आली आणि दाराशीच उभी राहिली. हातातला रुमाल तिनं पिळून पिळून दोरीसारखा केला होता.

“बस,” साहेब म्हणाले. ती बसली नाही. “मोहरील मॅडमनं सांगतलं सारं. तुही काही गलती नव्हती. कॉम्प्युटरचं होतं ते. आता टेन्शन नको घेऊ. कामाले लाग.”

रंजनानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही.

“सर, मले हे लेखी द्या,” ती म्हणाली.

“अवं, मी तोंडानं सांगून राहिलो ना तुले? मॅडमसमोर सांगून राहिलो.”

“हो जी. पण रिमार्क तुमी लेखी देल्ले होते. दोन्ही. फाइलमध्ये आहे ते. उद्या तुमची बदली झाली तं नवीन साहेब फाइल पाहीन. तुमचं तोंड थोडीच पाहीन.”

मी खिडकीकडे बघत राहिले, कारण मला हसू येत होतं आणि डोळ्यात पाणीही येत होतं, आणि ह्या वेळी त्यात मिरचीचा काही संबंध नव्हता. ढोबळे साहेबांनी ड्रॉवर उघडला, लेटरहेड काढलं, पेन शोधलं. लिहिताना एकदा त्यांनी विचारलं, “पराते तुहं आडनाव, न?” सहा महिन्यांत तिला दोन रिमार्क दिले होते त्यांनी. ती म्हणाली, “हो जी.” त्यांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. तिनं कागद हातात घेतला, उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, “तारीख राहिली, सर.”

साहेबांनी तारीख टाकली.

ती प्रोबेशनमधून पक्की झाली. आमचं कॉन्ट्रॅक्टही रिन्यू झालं. पीपी सर म्हणतात, माझ्या प्रेमानं सांगण्यामुळे. असू दे.

हल्ली मी कुठल्याही नव्या प्लांटमध्ये गेले की आधी विचारते, तुम्ही मोजत नाही असं रोज काय काय करता? लोकांना तो प्रश्न विचित्र वाटतो, पण उत्तरं फार कामाची मिळतात. आणि चूक आमची निघाली तर ती फोनवर सांगून मोकळी होत नाही. लेखी देते. ज्याच्यावर ती ढकलली गेली असेल त्याचं नाव पूर्ण लिहिते, आडनावासकट, आणि खाली तारीख टाकते.